शाळेच्या दाराशी थांबलेला पालक

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्यांच्या पाठोपाठ गोंदिया जिल्ह्यात धानाच्या रोवणीची धांदल सुरू होते. मुलाला पहिल्या दिवशी फाटकापर्यंत पोचवावयाचे आणि पुढे निकालापर्यंत तिकडे फिरकावयाचे नाही, असा आमच्याकडील पुष्कळ पालकांचा शिरस्ता आहे. त्यांना शिक्षणाची आस्था नाही, असे मात्र कोणी समजू नये. पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविणारी घरे या जिल्ह्यात गावोगावी आहेत. परंतु शाळा सरकारची, तेथे आपण काय बोलणार, हा पिढ्यानपिढ्यांचा संकोच त्यांना दाराशीच थांबवितो.

वस्तुतः कायद्याने हे दार केव्हाच उघडले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगर परिषदेच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असा दंडक आहे. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, अनुदानाचा विनियोग तपासणे व शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे होत. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तिच्याच मुलांच्या शिक्षणाची आबाळ का, असा रोकडा सवाल केला होता. आज त्याच रयतेला शाळेचा हिशेब विचारण्याचा अधिकार मिळाला आहे. तो ती वापरणार की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

जेथे सभेचे इतिवृत्त आधी लिहून सह्या मागाहून गोळा केल्या जातात, तेथे हा अधिकार कागदावरच राहणार, हे उघड आहे. पण याचा दोष केवळ पालकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. रोवणीच्या किंवा तेंदूपानांच्या हंगामात सकाळी अकराची सभा म्हणजे मजूर बाईच्या दिवसाच्या रोजीवर पाणी. त्यातून देवरी-सालेकसा भागातील अनेक घरांत गोंडी, अन्यत्र पोवारी, शहरात हिंदी. आणि सभेची भाषा मात्र कचेरीतल्या मराठीची! सभा सायंकाळी भरवावी, शक्य तर टोलीवरच भरवावी आणि तेथे लोकांच्या बोलीत बोलावे. याला खर्च लागत नाही, इच्छा लागते.

पालकांनी शिकवावे, अशी कोणाचीही अपेक्षा नाही. निरक्षर आईदेखील रोज रात्री मुलाला एक पान मोठ्याने वाचावयास लावू शकते; तो वाचतो की अडखळतो, हे तिच्या कानाला कळते. रोवणीत मोठ्या मुलीला धाकट्या भावंडाजवळ घरी ठेवण्याचा मोह टाळणे हे तर सर्वस्वी घरच्यांच्याच हाती आहे. शिक्षकाची जागा रिकामी का, मुलींच्या शौचालयात पाणी आहे काय, दुपारचे जेवण कसे असते, हे समितीत विचारण्यास पदवी लागत नाही.

हे विचारण्याची निकड आता अधिक आहे. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने २०२३ मध्ये मागविले, तेव्हा रानाकाठच्या लहान वस्त्यांच्या छातीत धस्स झाले. पटसंख्येचा अंदाज व शिक्षकांची गरज विकास आराखड्यात मांडावयाची असते. ज्या गावाने आपला आराखडाच केला नाही, त्याची बाजू वरिष्ठांपुढे कोण मांडणार?

शहरातील खाजगी शाळांच्या पालकांनीही निश्चिंत राहू नये. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याने तेथे पालक-शिक्षक संघ आवश्यक ठरविला असून शुल्काच्या निर्णयात पालकांना वाटा दिला आहे. संघाच्या सभेला न जाता वाढलेल्या शुल्काबद्दल घरी कुरकुर करणे व्यर्थ होय.

आमच्या शिक्षकबंधूभगिनींस एवढेच विनविणे आहे की, प्रश्न विचारणारा पालक हा वैरी नव्हे. शाळेच्या अडचणी वर नेणारा तोच खरा सहायक आहे. आणि पालकांस काय सांगावे? धान रोवून कोणताही शेतकरी कापणीपर्यंत घरी बसत नाही. बांधीतले पाणी तो रोज पाहून येतो. पोटच्या पोराच्या बाबतीत त्याने एवढीच काळजी घ्यावी.