दोन दिवसांचे भोपाळ

बेळगावहून गोवा एक्स्प्रेस थेट भोपाळला जाते. जायलाच दिवसाहून अधिक लागतो, तेव्हा शनिवार-रविवारला जोडून रजा हवीच. बहुतेकांचा बेत ठरलेला: सकाळी सांची, दुपारी भीमबेटका. अहो, नकाशा तरी पाहा! सांची ईशान्येला, भीमबेटका दक्षिणेला, दोन्ही साधारण ४५ किलोमीटर. मुले आणि आजी-आजोबा गाडीतच दमून जातात.

मी तर भीमबेटक्याला एक अख्खी सकाळ देईन. १९५७ साली उज्जैनच्या वि. श्री. वाकणकरांना आगगाडीतून हे खडक दिसले, ते याच इटारसी-भोपाळ मार्गावर. येताना तुम्हीही खिडकी सोडू नका. संध्याकाळी मोठ्या तलावाकाठी निवांत बसावे. सांची दुसऱ्या दिवशी. मुक्काम वाढलाच, तर मानव संग्रहालय सोमवारी बंद असते.