विकलं म्हणजे विकलं



आजचा विषय मुलांच्या व्हिडिओ गेमचा. "तो डबा मुलांचा, आपल्याला त्यातलं काय कळतंय" म्हणून सोडून देऊ नका. खेळणारी मुलं असली तरी पैसे घरातले आहेत आणि घरखर्चाची वही आपल्याच हातात असते.

मुद्दा असा. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्ससारख्या यंत्रावर खेळायचा मोठा नवा गेम आज पाच हजारांच्या घरात जातो. मूल तो महिना-दीड महिन्यात संपवतं. आजवर त्याची डिस्क दुकानात देऊन किंवा दुसऱ्या मुलाला विकून निम्मेअर्धे पैसे सुटायचे आणि त्यात पुढचा गेम यायचा. कंपन्यांना हे खुपतं, कारण जुन्या डिस्कच्या विक्रीतून त्यांना काही मिळत नाही. म्हणून यंत्रालाच असं कुलूप घालायचं, की वापरलेला गेम दुसऱ्याच्या घरी चालूच नये, असा त्यांचा कल आहे.

माझं मत आधीच सांगते. हा अधिकार कंपनीला नसावा. मालाचे पूर्ण पैसे घेतले, पावती दिली, की तिथे तिचा संबंध संपला. व्यापारी घरातल्या आपण बायका, एवढं तर आपल्याला कोणी शिकवायला नको.

हे कुलूप मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये उघडपणे घालून पाहिलं. एक्सबॉक्स वन बाजारात यायच्या आधी जूनमध्ये त्यांनी नियम जाहीर केले: यंत्राने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावायची. गेम दुकानात परत विकता येईल की नाही, ते गेम काढणारी कंपनी ठरवणार. मित्राला द्यायचा तर तो मित्र तुमच्या यादीत निदान तीस दिवस असला पाहिजे आणि तो गेम आयुष्यात एकदाच असा देता येणार. आपण भाचीला फ्रॉक देताना कापड दुकानदाराची परवानगी काढतो का?

गिऱ्हाईक खवळलं. त्याच आठवड्यात सोनीने लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सांगून टाकलं, की आमच्या प्लेस्टेशन ४ वर जुने गेम बिनदिक्कत चालतील. वर बावीस सेकंदांची एक चित्रफीत काढली: गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? तर एक माणूस डबी दुसऱ्याच्या हातात ठेवतो, झालं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने ते नियम मागे घेतले. गिऱ्हाइकाने एकजुटीने नाही म्हटलं की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

पण कुलूप गेलं नाही, ते मागच्या दाराने आलं. २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी डिस्कची खाचच नसलेली स्वस्त यंत्रं आणली. २०२४ चं प्लेस्टेशन ५ प्रो तर सर्वांत महाग, तरी डिस्कची सोय वेगळी विकत घ्यायची. ज्या यंत्रात डिस्क जातच नाही, त्यावर गेम फक्त कंपनीच्या दुकानातून उतरवून घ्यायचा, आणि तसा गेम विकता येत नाही, देता येत नाही. बंदी घालायची गरजच उरली नाही. २०२५ च्या निंटेंडो स्विच २ च्या काही गेमच्या कार्डात गेम नसतो, नुसती किल्ली असते. ते कार्ड विकता येतं हे खरं. पण कंपनीने उद्या आपलं कोठार बंद केलं, तर नव्याने गेम उतरवणाऱ्याला ती किल्ली कशाची?

ही भीती पोकळ नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' नावाचा गेम २०१४ मध्ये आला. मार्च २०२४ अखेर कंपनीने सर्व्हर बंद केला आणि पैसे देऊन घेतलेला तो गेम एकट्याने खेळायलाही चालेना. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू: गिऱ्हाइकाला मिळतो तो फक्त वापरायचा परवाना, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा मालाला 'खरेदी' म्हणायचं नाही. सरकारला कायदा करून सांगावं लागतं की हे विकणं नव्हे, यातच सगळं आलं.

आता समोरच्यांचं म्हणणं घेऊ. पहिलं: गेम बनवणाऱ्यांच्या कष्टांचं काय? कष्ट मोठेच आहेत. पण विणकराने पैठणी विणली, आपण घेतली, दहा वर्षांनी विकली, तर विणकर वाटा मागतो का? नक्षी त्याची, साडी माझी. नक्षीची नक्कल करून विकली तर मी चोर. साडी विकली तर नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच हे ठरवलं. एका प्रकाशकाने पुस्तकावर छापलं होतं, एक डॉलरच्या खाली विकायचं नाही. मेसी दुकानाने ८९ सेंटला विकलं. न्यायालय म्हणालं, एकदा विकल्यावर पुढची किंमत ठरवायचा हक्क प्रकाशकाचा नाही. उतरवून घेतलेल्या मालाबद्दल मात्र न्यायालयांचं एकमत नाही. फ्रान्समध्ये स्टीम या गेमच्या दुकानाविरुद्ध ग्राहक संघटना २०१९ मध्ये जिंकली आणि २०२२ मध्ये वरच्या न्यायालयात हरली. म्हणूनच डिस्क हातात असण्याला किंमत आहे.

शिवाय हिशोब करा. समजा पाच हजारांचा गेम, पुढे अडीच हजारांना विकला जाणार हे आईला ठाऊक आहे, म्हणून ती पाच हजार काढून देते. विकताच येणार नसेल तर तिच्या लेखी खर्च दुप्पट झाला. ती म्हणेल, राहू दे. आणि जुन्या डिस्कचे पैसे जातात कुठे? पुष्कळदा नव्या गेममध्येच. ईए कंपनीने २०१० मध्ये जुनी डिस्क घेणाऱ्याकडून ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळे दहा डॉलर घ्यायला सुरुवात केली होती. २०१३ मध्ये ते प्रकरण तिनेच गुंडाळलं.

दुसरं: जुन्याची विक्री थांबली तर नवे गेम स्वस्त होतील, संगणकावर नाही का होत? होतात, कारण संगणकासाठी गेम विकणारी दुकानं अनेक आहेत, त्यांच्यात चढाओढ आहे. बिनडिस्कच्या कन्सोलवर दुकान एकच, यंत्रवाल्याचं. गावात एकच किराणा दुकान असलं की भाव कसे असतात, ते आपल्याला माहीत आहे.

तिसरं आपल्यातलंच: "डिस्क नको, डब्या नकोत, परिग्रह कमीच झाला की!" बाई गं, परिग्रह प्लॅस्टिकच्या डबीत नसतो. खात्यात शंभर गेम साठले आणि एकही कुणाला देता येत नाही, हा साठा मोठा की कपाटातल्या चार डिस्क? जे देताच येत नाही त्याचं दान कसं करणार? आणि आपल्या व्रताची मर्यादा आपण ठरवायची, ती कंपनीने नफ्यासाठी आपल्यावर लादायची नाही.

चौथं: "गेम वाईटच, लागू दे कुलूप." मारधाडीचे गेम मलाही घरात नकोत. पण कुलूप गेम घरात येताना लागत नाही, बाहेर जाताना लागतं. नको असलेली डिस्क दुकानात देऊन त्याबदल्यात क्रिकेटचा गेम आणता येतो. खात्यातला गेम पुसला, तर पैसेही पुसले गेले.

आपल्या घरात शाळेची पुस्तकं धाकट्याला जातात, पाळणा नणंदेकडे, जुनी भांडी मोडीत, साड्या बोहारणीकडे. वस्तू संपेपर्यंत वापरायची आणि नको झाली की दुसऱ्याच्या कामी लावायची, यावर आपले संसार उभे राहिले. पाच हजारांची वस्तू एका खेळात कचरा करायला आपल्याला कोणी शिकवू नये.

तेव्हा दिवाळीला मुलाने हट्ट धरला तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: यात डिस्क चालते का? आणि हा गेम नंतर विकता येईल का? नाही म्हणाला, तर ते यंत्र थोडं स्वस्त असलं तरी ठेवा तिथेच. दोन-तीन वर्षांच्या गेमचा हिशोब धरला की ती स्वस्ताई उरत नाही. २०१३ मध्ये गिऱ्हाईक अडून बसलं म्हणून एवढी मोठी कंपनी नमली. पाकीट आपल्या हातात आहे तोवर अडून बसणं आपल्यालाही जमतं.