अवजारांची पूजा आणि हातांची उपेक्षा

जालना जिल्ह्याचे नाव निघाले की दोन गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात. एक, हे बियाण्यांचे गाव. दुसरी, हे पोलादाचे गाव. दोन्ही खऱ्या आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली येथे 'महिको' स्थापन केली आणि जालन्याचे बियाणे देशभर गेले. येथील लोखंडी सळई आज शहरोशहरीच्या इमारतींत आहे. मात्र बियाणे मातीत जाण्यासाठी शेतकऱ्याने ज्या चाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या मूठ धरली, ते चाडे आणि ती तिफण घडविणारा सुतार या गौरवगाथेत कोठेही नाही. त्याचा उल्लेख नाही याचे कोणाला वैषम्यही नाही.

या विस्मृतीची किंमत पाहायची असेल तर रुंदीकरणाचे काम चालू असलेला कोणताही रस्ता पाहावा. कडेचा जुना लिंब किंवा चिंच तोडायची ठरते. ठेकेदाराचा माणूस साखळी करवत सुरू करतो आणि साठ-सत्तर वर्षांचे झाड तासाभरात आडवे होते. पुढे काय? लाकडाचा लिलाव होतो, बुंध्याचे ओंडके होतात आणि त्यातील बराच भाग सरपणाच्या मोलाने निघून जातो. ज्या बुंध्यातून दरवाजाच्या चौकटी, देवळाचे खांब, शाळेची बाके निघाली असती, तो भट्टीत जळतो. त्याच गावातील नव्या बंगल्यासाठी लाकूड मात्र गुजरातेतील कांडला बंदरावर उतरलेले, न्यूझीलंडचे पाइन किंवा मलेशियातील एखादे तांबूस लाकूड असते. घरचे चंदन चुलीत आणि बाजारची काडी देव्हाऱ्यात, असा हा व्यवहार आहे. याला विकास म्हणावे की करंटेपणा?

ही भूमी कोरीव कामाला कधीच परकी नव्हती. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची येथील स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या नगराचे नाव आढळते. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती हाती लागली. इटलीतील पाँपे नगराच्या अवशेषांत सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वेरूळच्या दहाव्या लेण्यात, शिल्पकारांनी दगडी छताला लाकडी वाशांचे रूप दिले. जणू सुताराने वासे चढवावेत अशा त्या कमानी आहेत. म्हणूनच लोकांनी त्या बौद्ध चैत्याला 'सुताराची झोपडी' म्हटले आणि सुतार समाजाने तेथे विश्वकर्म्याला नमस्कार केला. दगड कोरणाऱ्यानेही ज्याची नक्कल करावी, एवढा या देशातील लाकूडकामाचा अधिकार होता.

गावातल्या सुताराकडेही हा अधिकार होता. वाकस, पटाशी, किकरे, रंधा, गिरमिट आणि करवत एवढ्या अवजारांवर तो अख्ख्या गावाची शेती उभी करीत असे. बैलगाडीच्या चाकासाठी चिवट बाभूळ निवडावी, ती पुरती वाळू द्यावी, तुंब्याला समान अंतरावर भोके पाडून आरे ठोकावेत, त्यावर पुठ्ठे बसवावेत. मग लोहाराने तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवावी आणि लगेच पाणी ओतावे. धाव आकसली की सगळे सांधे एकजीव होतात. धाव किंचित मोठी झाली तर चाक खिळखिळे, लहान झाली तर आरे फुटले. तिफणीच्या चाड्याची भोके सारखी नसतील तर एका तासात दाट आणि दुसऱ्यात विरळ पेरणी होई. हे गणित कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते बापाकडून मुलाच्या हातात उतरत होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गांव-गाडा' या ग्रंथात बलुतेदारांची सविस्तर नोंद केली, तेव्हाही सुतार हा त्या गाड्याचा मोठा आधार होता.

आता येथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला तथाकथित पुरोगाम्यांचा. बलुतेदारी ही शोषणाची व्यवस्था होती, तिचे उमाळे कशाला, असे ते विचारतात. बलुतेदारीत अन्याय होता, हे मान्य करण्यात कोणाही हिंदूला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. वर्षभर राबून खळ्यावर धान्यासाठी हात पसरावा लागणे आणि जन्माने धंदा ठरणे, हे जायलाच हवे होते. प्रश्न असा की, बेडी तोडताना तिच्यासोबत हातही तोडून टाकावा काय? सुताराला मानाची मजुरी देता आली असती आणि त्याची विद्या कोणत्याही जातीच्या मुलासाठी शाळेत आणता आली असती. ते न करता त्याचे कामच हलके ठरविले गेले. कारकुनी तेवढी प्रतिष्ठेची मानणारे शिक्षण चालू ठेवून वर समतेच्या गप्पा मारणाऱ्यांना शोषणावर बोलण्याचा अधिकार उरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. यंत्र आले, ट्रॅक्टर आला, लोखंडी पेरणी यंत्र आले. आता वाकसाचे रडगाणे कशासाठी? हा आक्षेप यंत्राला समजून न घेतल्याने येतो. यंत्र हे कारागिराचे शत्रू नाही. जर्मनीतील आंद्रेआस श्टील या अभियंत्याने 1926 साली विजेवर चालणारी आणि 1929 साली पेट्रोलवर चालणारी साखळी करवत तयार केली. आरंभी ती चालवायला दोन माणसे लागत. पुढे ती हलकी झाली, एका हातात आली आणि पाश्चात्त्य देशांतील कारागिरांनी तिचीच छिन्नी केली. वठलेल्या झाडाच्या उभ्या बुंध्यात ते गरुड, अस्वल, संतांच्या मूर्ती कोरतात. अशा कोरीव कामाच्या स्पर्धा भरतात आणि कुटुंबे मुलाबाळांसह त्या पाहायला जातात. करवत तीच आहे. तेथे ती शिकलेल्या हातात आहे. येथे ती केवळ तोडणाऱ्या हातात दिली गेली. दोष यंत्राचा नाही, ते कोणाच्या हाती द्यावे याचा विचार न करणाऱ्या समाजाचा आहे.

जर्मनीचेच आणखी एक उदाहरण बोलके आहे. तेथे अनेक हस्तव्यवसायांत 'उस्ताद' ही पदवी मिळविल्याशिवाय स्वतःचे दुकान उघडता येत नसे. 2004 साली 53 व्यवसायांवरील ही अट बाजारपेठेच्या नावाने काढून टाकण्यात आली. 2020 साली त्यांतील 12 व्यवसायांना ती पुन्हा लावावी लागली. त्यांत लाकडी खेळणी करणारे खरादी होते आणि लाकडी पिंपे बांधणारेही होते. अत्यंत प्रगत औद्योगिक राष्ट्राला जे कळले, ते येथे कळू नये?

आणि यासाठी जर्मनीकडेच पाहायला हवे असेही नाही. पुरीच्या जगन्नाथाचे तीन रथ दरवर्षी नव्याने घडविले जातात. अक्षय्य तृतीयेला काम सुरू होते आणि रथयात्रेपर्यंत 42 चाके उभी राहतात. मागच्या वर्षीचा रथ चालला असता की! पण परंपरेने दरवर्षी नवा रथ मागितला, म्हणून रथ बांधणारे हात शतकानुशतके टिकले. रथाच्या लाकडासाठी तेथे स्वतंत्र वृक्षलागवडही हाती घेण्यात आली. जपानमधील इसे येथील देवस्थान दर 20 वर्षांनी नव्याने बांधले जाते; 2013 साली ते 62 व्या वेळी बांधले गेले. देवाने कारागिराला काम दिले, कारागिराने देवाचे घर राखले. सावंतवाडीच्या भोसले घराण्याने आश्रय दिला म्हणून तेथील लाकडी खेळणी टिकली. आश्रयाशिवाय कोणतीही कला केवळ स्तुतीवर जगलेली नाही.

केंद्र शासनाने 17 सप्टेंबर 2023 रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली, हे स्वागतार्हच होते. 18 व्यवसाय, 13,000 कोटींची तरतूद, अवजारांसाठी 15,000 रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांचे कर्ज. स्वतंत्र भारतात कारागिराची अशी दखल क्वचितच घेतली गेली. परंतु योजनेचे मित्र असणाऱ्यांनीच तिच्या उणिवाही बोलून दाखवायला हव्यात. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आहे. जर्मनीत सुतारकामाची उमेदवारी तीन वर्षे चालते. अवजारे मिळतील, पण लाकूड कोठे आहे? कर्ज मिळेल, पण गिऱ्हाईक कोठे आहे? राज्यातील अत्यल्प वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत जालन्याची गणना होते. येथे लाकूड मिळायचे ते बांधावरून आणि रस्त्याच्या कडेवरूनच. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांना त्या डोळ्यांत पाणी आणून तोडाव्या लागल्या. मोसंबीचे लाकूड टणक, बारीक पोताचे, खरादकामाला उत्तम. पण ते सरपण झाले. 2016 साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या लाकडाला अद्याप मोल नाही.

1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याने साग, आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी झाडे तोडण्यास परवानगी आवश्यक केली. हेतू उत्तम होता. पण स्वतःच्या बांधावर लावलेला साग विकताना कचेरीचे खेटे घालावे लागतील, या धास्तीने शेतकरी साग लावतच नाही. वनाबाहेरच्या बांबूला 2017 साली या जाचातून मोकळे केले गेले. मग शेतकऱ्याने लावलेल्या झाडाबाबत तोच विश्वास का दाखवू नये? शासकीय जागेतील तोडलेल्या झाडांचे इमारतयोग्य ओंडके आधी तालुक्यातील कारागिरांना रास्त दराने द्यावेत, एवढा निर्णय झाला तरी योजनेतील अवजारे गंजणार नाहीत.

मात्र सगळा दोष शासनाच्या माथी मारून मध्यमवर्गाला सुटता येणार नाही. खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू वाहणारी कुटुंबे घरातला देव्हारा घेताना भुशाच्या दाबलेल्या पत्र्यावर यंत्राने कापलेली नक्षी पसंत करतात. सुताराने दोन हजार अधिक मागितले की घासाघीस होते. मॉलमध्ये तोच माणूस छापील किंमत मुकाट्याने मोजतो. मुलगा सुतारकाम शिकतो म्हणाला तर घरात सुतक पडते. अवजाराला नमस्कार आणि अवजार धरणाऱ्याला अवहेलना, ही श्रद्धा नव्हे, हा दांभिकपणा आहे.

राजूरच्या गणपतीपासून अंबडच्या मत्स्योदरी देवीपर्यंत आणि समर्थांच्या जांबेपर्यंत या जिल्ह्यात देवस्थानांना तोटा नाही. प्रत्येक तालुक्यातील एका देवस्थानाने दरवर्षी एक पालखी, एक मखर किंवा एक दरवाजा स्थानिक सुताराकडून, दोन शिकाऊ मुले हाताशी ठेवण्याच्या अटीवर करून घेतला तर दहा वर्षांत किमान पन्नास-साठ नवे हात तयार होतील. कार्यकर्त्यांनी विश्वकर्मा जयंतीला हार घालण्यापूर्वी आपल्या गावात वाकस चालविणारे किती जण उरले आहेत, याची यादी करावी आणि त्यांच्या हाती एक तरी काम द्यावे. ज्या गावात शेवटच्या सुताराची करवत भिंतीला टांगली गेली, तेथे विश्वकर्म्याची प्रतिमा लावायला चौकट तरी कोण करून देणार?