औषधाची वेळ आणि शाळेची घंटा

शाळेत भर दुपारी एखाद्या मुलाला औषध द्यावयाचे झाले तर ते कोणी द्यावे, हा प्रश्न वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर चर्चिण्याइतका मोठा आहे काय, असे कोणी विचारील. इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाची आई मधल्या सुट्टीत हातात पिशवी घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी असते, तेव्हा तिच्यापुरता तरी तो राज्याच्या अर्थसंकल्पाहून मोठा असतो. उदगीरसारख्या गावी तर तो विशेषच जाणवावा. कारण येथील शाळांत मुले येतात ती केवळ गावातली नव्हेत. भोवतालच्या खेड्यांतून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही येतात. त्यांच्या आयांनी फाटकाशी उभे तरी कसे राहावे?

शाळेत औषध दिलेच जात नाही, असे मात्र नव्हे. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला. त्या दिवशी शिक्षक स्वतः समोर उभे राहून मुलांना गोळी चघळावयास लावतात. रक्तक्षयावरील लोहाची गोळी तर आठवड्यातून एकदा देण्याची योजना आहे. मुलांच्या आरोग्यतपासणीचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आज देशभर चालतो, त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. तेव्हा शिक्षकाच्या हाताला औषधाचा विटाळ नाही. सर्वांना सारखी असलेली सरकारी गोळी शाळेला चालते. एका मुलाला डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मात्र तिला पेलत नाही, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

टाईप १ मधुमेहाचेच उदाहरण घ्या. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले. तोवर हा रोग म्हणजे मुलाच्या मृत्यूचे हुकूमपत्रच होते. आता असे मूल शिकते, खेळते, संसार करते. परंतु बहुतेकांना जेवणापूर्वी इन्सुलिन घ्यावे लागते, आणि दुपारचे जेवण शाळेतच होते. पोषण आहाराची खिचडी एक दिवस अर्धा तास उशिरा शिजली तर इतर मुले फार तर कुरकुरतील. ज्याने सुई आधीच टोचून घेतली आहे त्या मुलाची साखर मात्र उतरू लागते. त्याला घाम फुटतो, हात कापतात, ते चिडते, नाहीतर बाकावर मान टाकते. गुरुजींना तो आळस वा उर्मटपणा वाटला तर त्यांना दोष कसा द्यावा? त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. वास्तविक मूल शुद्धीवर असताना तीन चमचे साखर व पंधरा मिनिटांची देखरेख एवढ्याने बहुधा संकट टळते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावयाचे, एवढे ठाऊक असले म्हणजे झाले.

कोणी का सांगत नाही? येथे आम्हांला पालकांनाच दोन शब्द सुनावणे भाग आहे. आजार लपविला जातो, आणि मुलीचा अधिक कसोशीने लपविला जातो. फीट येते हे शाळेत कळले तर गावात कळेल, गावात कळले तर पुढे लग्न कसे जमेल, हा हिशेब मुलगी चौथीत असल्यापासून घरात मांडला जातो. मग गोळी कागदाच्या पुडीत बांधून कंपासपेटीत ठेवली जाते आणि नऊ वर्षांच्या पोरीला बजावले जाते, ‘कोणी पाहत नसताना घे.’ शाळेत कोणी पाहत नाही अशी वेळ येत नाही. गोळी पेटीतच राहते. आमच्या सुशिक्षित घरांतूनही हे घडते, हे कबूल केले पाहिजे.

शिक्षकांची भीतीही खोटी नाही. मात्रा चुकली, मुलाला काही झाले, तर जबाबदार कोण? जनगणना, आपत्ती व निवडणुका वगळता अशैक्षणिक कामे शिक्षकांवर टाकू नयेत असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात लिहिले असूनही त्यांच्यावर कोणकोणती ओझी पडतात, हे सर्वश्रुत आहे. इंग्लंडने यातून काढलेली वाट विचार करण्यासारखी आहे. सप्टेंबर २०१४ पासून तेथे आजारी विद्यार्थ्याची व्यवस्था लावणे हे शाळा चालविणाऱ्या मंडळाचे कायदेशीर कर्तव्य आहे. परंतु औषध देण्याची सक्ती कोणा एका शिक्षकावर करता येत नाही. कर्तव्य संस्थेचे, व्यक्तीचे नव्हे. आपल्याकडे नेमके उलट चालते: संस्था मोकळी, आणि एखादी कनवाळू बाई स्वतःच्या जोखमीवर सारे निभावते. तिची बदली झाली की मूल पुन्हा उघड्यावर.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये राज्यांना लिहून कळविले की, डॉक्टरांचा सल्ला असल्यास मधुमेही मुलाला वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधला खाऊ खाऊ द्यावा. परीक्षेतही आवश्यक वस्तू जवळ बाळगू द्याव्यात. उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी आपल्या शाळांना तसे आदेश काढले. केरळात अशा मुलांना इन्सुलिन पुरविणाऱ्या योजनेचे नाव ‘मिठाई’ आहे. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. आयोगाचे पत्र कचेरीच्या फायलीत असणे आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर असणे यांत मात्र अंतर असते.

उदगीरपुरते बोलावयाचे तर आरंभ डॉक्टरांनी करावा. दिवसातून तीनदा घ्यावयाची कित्येक औषधे सकाळी, शाळेतून परतल्यावर आणि रात्री अशी बसविता येतात. दुपारची मात्रा खरोखर अटळ आहे काय, हे आधी पाहावे. असेल तर मराठीत, आणि उर्दू शाळेसाठी उर्दूत, सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी द्यावी: औषध कोणते, किती, केव्हा, चुकल्यास काय करावे, कोणाला कळवावे. औषध मूळ वेष्टनातच शाळेत यावे. दम्याचा पंप मात्र कपाटात कुलूपबंद नसावा, तो मुलाजवळच हवा. दम लागल्यावर किल्ली शोधावयास वेळ नसतो. आमच्याकडील उन्हाळ्यात इन्सुलिन दप्तरात तापून निकामी होऊ शकते. त्यासाठी शाळेने शीतकपाटच घ्यावे असे नाही. एकात एक ठेवलेली दोन मातीची भांडी आणि मध्ये ओली वाळू, एवढ्यावर दुपार निभते.

आणि शाळा सुटली म्हणजे दिवस संपतो असेही नाही. लातूर पॅटर्नच्या या प्रदेशात शाळेनंतर शिकवणी असते आणि मूल दिवेलागणीनंतर घरी येते. शिकवणीवर्गांचे चालक शुल्काची पावती देताना मुलाचा आजार विचारीत असतील, असे वाटत नाही. त्यांनीही तो विचारावा.

शाळा व्यवस्थापन समित्यांनी व खाजगी संस्थांच्या संचालक मंडळांनी पुढील बैठकीच्या पत्रिकेवर हा एक विषय घ्यावा. कोणत्या मुलाला दुपारी काय लागते याची गोपनीय नोंद ठेवावी, दोन जबाबदार माणसे नेमून त्यांना सरकारी रुग्णालयातून दोन तासांचे शिक्षण द्यावे, आणि ठरावात स्पष्ट लिहावे की सद्‌भावनेने मदत करणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी संस्था उभी राहील. बैठक होईतो फाटकाशी उभ्या असलेल्या त्या आईला निदान आत बोलावून बसावयास खुर्ची द्यावी.