आरसी बुक म्हणजे मालकीचा दाखला नव्हे

वाटण्या होतात तेव्हा शेताची मोजणी होते, दागिन्यांचं वजन होतं, पितळेची भांडीसुद्धा मोजली जातात. दारातली गाडी मात्र कोणी तरी किल्ली उचलून घेऊन जातो आणि भांडण त्यानंतर सुरू होतं. एक म्हणतो, आरसीवर माझं नाव आहे. दुसरा म्हणतो, हप्ते मी फेडलेत. तिसरा, बहुधा घरातला वडीलधारा, म्हणतो की घरची गाडी, त्यात तुझी-माझी काय करता? हल्ली एक चौथाही आला आहे, तो नोंदणीतलं नॉमिनीचं नाव मोबाइलवर दाखवतो. चौघेही छातीठोक बोलतात आणि चौघांचंही चुकतं. त्याची किंमत बहुतेक वेळा पाचवंच कोणी तरी मोजतं: घरातली विधवा, लग्न होऊन गेलेली बहीण, नाही तर रस्त्यावरचा अनोळखी जखमी.

पहिला पक्ष सर्वांत बळकट दिसतो, म्हणून आधी त्यालाच घेऊ. त्याच्या हातात सरकारी कार्ड आहे, पोलीस तेच बघतात, चलन त्याच्याच नावावर येतं, आणि कायदाही वरवर त्याच्याच बाजूनं बोलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो. पण व्याख्या तिथं संपत नाही. नोंदणी अज्ञान मुलाच्या नावावर असेल तर त्याचा पालक मालक. गाडी भाडेखरेदीवर किंवा बँकेच्या बोजाखाली असेल तर त्या कराराप्रमाणे जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती मालक. आता अज्ञान मुलाची गाडी पालकाची होते का? होत नाही. तरी कायदा पालकाला मालक म्हणतो, कारण काही घडलं तर धरायचं कोणाला, एवढंच त्याला ठरवायचं आहे. कलम ४१ तर याहून स्पष्ट आहे. गाडी अनेकांच्या सामाईक मालकीची असेल तर त्यांच्यापैकी एकानं सर्वांच्या वतीनं अर्ज करावा आणि या कायद्यापुरता तो अर्जदारच मालक समजला जाईल, अशी तरतूद त्यात आहे. आरसी नाचवणाऱ्यानं ‘या कायद्यापुरता’ एवढं तरी दोनदा वाचावं. कार्डावर नाव नसलेले मालक असू शकतात, हे खुद्द नोंदणीच्या कायद्यालाच मान्य आहे.

मग मालकी येते कुठून? गाडी ही जंगम मालमत्ता. तिची मालकी १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे खरेदीनं मिळते, किंवा बक्षिसानं, किंवा वारशानं. आरटीओ त्या घटनेची मागाहून नोंद घेतं. फेरफार नोंद महसुलासाठी असते, तिनं मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी इतक्या वेळा सांगितलंय की जमिनीच्या दाव्यात गावातला प्रत्येक भाऊबंद ते ऐकवतो. गाडीचा विषय निघाला की तोच भाऊबंद आरसी पुढं करतो! एक कबूल करतो: आरसी हा चांगला पुरावा आहे. ती ज्याच्या नावावर तोच मालक, असं प्रथमदर्शनी धरलं जातं, जप्त गाडी तात्पुरती ताब्यात देताना फौजदारी न्यायालयं सहसा त्याचाच विचार आधी करतात, आणि उलट सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर पडतो. पण पुरावा खोडून काढता येतो.

दुसऱ्या पक्षाचा सगळा भरवसा या खोडण्यावर आहे. पैसे माझे, म्हणून गाडी माझी, हा तर्क बाजारात बरोबर आहे, घरात नाही. घरात कोणी पैसे देऊन टाकतो, कोणी उसने देतो, कोणी हिस्सा म्हणून घालतो. बँकेच्या पासबुकात तिन्ही सारखेच दिसतात. मुलीला नोकरी लागली म्हणून वडिलांनी गाडी घेऊन दिली, किल्ली तिच्या हातात ठेवली, पेढे वाटले, तर बक्षीस पुरं झालं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूच्या बक्षिसाला नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही, ताबा दिला की पुरतं. पुढं मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून वडील गाडी परत मागू लागले, तर ‘पैसे माझे होते’ एवढ्यानं भागत नाही.

आता उलट बाजू. पुण्यात नोकरी करणारा मुलगा गावी वडिलांच्या नावावर गाडी घेतो, हप्ते त्याच्या पगारातून जातात. वडील गेल्यावर तो म्हणतो, गाडी माझीच. ऐकणाऱ्याला ते पटतंही. पण बेनामी व्यवहारांना बंदी घालणारा कायदा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, जोडीदाराच्या किंवा अपत्याच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला सरळ सूट देतो; आईवडील किंवा भावंडांच्या बाबतीत मात्र कागदावर दोघांचीही नावं सामाईक मालक म्हणून असावी लागतात. आरसीवर तर एकच नाव चढतं. म्हणजे ‘नाव वडिलांचं, खरा मालक मी’ असं कोर्टात सांगणारा मुलगा स्वतःच्याच तोंडानं दावा अडचणीत आणतो. बरं, ‘वडिलांना भेट दिली होती’ म्हणाला, तर गाडी वडिलांची झाली आणि त्यांच्या मागं सगळ्या वारसांची. दोन्हीकडून पंचाईत.

लग्नात आलेली गाडी हा या वादाचा सर्वांत ओंगळ प्रकार. पैसे मुलीच्या बापाचे, आरसी जावयाच्या किंवा थेट व्याह्यांच्या नावावर, आणि चालवतो दीर. हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे, म्हणून दोन्हीकडची मंडळी तिला प्रेमाची भेट म्हणतात. मग प्रेमाची नोंद का नाही ठेवली? १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या याद्या करायच्या असतात: वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, आणि खाली वधूवरांच्या सह्या. कार्यालयाच्या दारात आहेराची वही घेऊन बसणारे लोक आपण, एकशे एक रुपयांचं पाकीट कोणाचं ते लिहितो आणि दहा लाखांची गाडी लिहीत नाही. हुंड्यात आलेली वस्तू दुसऱ्या कोणाकडे गेली असेल तर ती तीन महिन्यांत त्या स्त्रीच्या नावे करून द्यावी लागते, असं हुंडाबंदी कायद्याचं कलम ६ सांगतं. स्त्रीधन सासरच्यांच्या ताब्यात असलं तरी मालकी बाईचीच, आणि ते बळकावणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात सांगून ठेवलंय. अशा घरात आरसीवरचं सासऱ्याचं नाव त्याची मालकी सिद्ध करत नाही. वस्तू कोणाकडे अडकून पडली आहे, तेवढं मात्र ते दाखवून देतं.

‘घरची गाडी, कागद कशाला’ म्हणणारे वडीलधारे स्वभावानं भांडखोर नसतात. नुकसान मात्र सगळ्यांत जास्त त्यांच्यामुळेच होतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल त्यांना वाचून दाखवायला हवा. नोंदणीकृत मालकानं गाडी केव्हाच विकली होती, ताबा दिला होता, पुढं ती आणखी हातांतून गेली होती. तरी अपघाताच्या दिवशी नोंदणी त्याच्याच नावावर होती, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. परक्याला विकूनही सुटका नाही, तर पुतण्याला ‘वापर रे’ म्हणून दिलेल्या गाडीतून काका कसे सुटतील? विमा चालू असेल तर कंपनी पैसे भरते हे खरं. पण विमा संपलेला असेल किंवा पुतण्याकडे परवाना नसेल, तर वसुली काकांकडून होऊ शकते.

विम्याचं आणखी एक आहे. मालक-चालकाला मिळणारं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकासाठी असतं. गाडी वडिलांच्या नावावर आणि मुलगा रोज ती चालवत चाकणला जातो, त्या मुलाचं बरंवाईट झालं तर हे पंधरा लाख त्याच्या बायकोला मिळतील असं समजू नये. आणि मालक वारला की नेहमीच्या विमापत्राप्रमाणे विमा तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवरच चालतो. कितीतरी घरांत ‘बाबांची आठवण’ म्हणून वर्षानुवर्षं आरसी बाबांच्याच नावावर ठेवतात आणि गाडी बिनदिक्कत महामार्गावर नेतात. आठवणीसाठी फोटो आहे ना!

चौथ्या पक्षाचं थोडक्यात. २०२१ पासून आरसीत नॉमिनीचं नाव घालता येतं. त्यानं आरटीओतलं काम सोपं होतं, ते जरूर घालावं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या संपत्तीवरून उभ्या राहिलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत हेच ठरवलं: नामनिर्देशनानं वारसाहक्क मोडत नाही. गाडीच्या नॉमिनीला याहून मोठा हक्क मिळतो असं मानायला मला काही आधार दिसत नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या कायद्यानं विधवा, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांचा वाटा सारखा. आईचा वाटा तर हमखास विसरला जातो. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मुळातच पतिपत्नी संपत्तीत निम्मे-निम्मे, तिथं एकट्या नवऱ्याच्या नावाची आरसी काय सांगणार?

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की नाव आणि हक्क एकमेकांत मिसळू नयेत. जो गाडी रोज चालवतो, विमा भरतो, सर्व्हिसिंग करतो, त्याच्याच नावावर आरसी असावी. पैसे कोणाचेही असोत. बोजा असेल तर आधी बँकेची ना-हरकत घ्यावी आणि मगच नाव बदलावं. आणि हक्काचं एका पानावर लिहावं: कोणी किती रुपये घातले, ते भेट म्हणून, उसने की हिस्सा, गाडी विकली तर कोणाला किती. तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. भावाभावांत लिहून घेणं म्हणजे अविश्वास, अशी हरकत लगेच येईल. नवराबायको गृहकर्जाच्या कागदांवर पानोपानी सह्या करतात, त्यानं कोणाचं प्रेम आटल्याचं ऐकलं नाही.

वारशाच्या गाडीत खरी अडचण कागदाची नसून बहिणीची आहे. आरटीओला इतर वारसांची ना-हरकत लागते, म्हणून राखीपौर्णिमेला आलेल्या ताईपुढं छापील कागद येतो: ‘जरा सही कर गं, फॉर्मॅलिटी आहे.’ गाडीची किंमत कोणी सांगत नाही आणि विचारली तर ताईच हावरट ठरते. माझ्या मते किंमत न सांगता घेतलेली ही सही म्हणजे फसवणूकच. किमतीवरून भांडायची गरजही नाही. चालू विमापत्रावर गाडीची आयडीव्ही छापलेली असते. घसाऱ्याच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे ती पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. गाडी ठेवणाऱ्यानं त्या आकड्यातून इतरांचे वाटे द्यावेत, किंवा त्यांनी ते समजून-उमजून सोडावेत, आणि तसं ना-हरकतीत लिहावं. तडजोड लवकर व्हावी याला कारण आहे: जमिनीचा दावा वीस वर्षं चालला तरी जमीन जाग्यावर राहते आणि महागते. खासगी गाडीची नोंदणी मुळात १५ वर्षांची, आणि त्याआधीच टायर, बॅटरी आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी वाद निकाली काढतात.

मालक वारल्यापासून तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत अर्ज क्रमांक ३१ भरायचा, असा १९८९ च्या केंद्रीय नियमांतला नियम ५६ आहे. तुमच्या दारातली गाडी अजून गेलेल्या माणसाच्या नावावर असेल, तर या आठवड्यात आईला आणि बहिणीला विमापत्रावरचा आकडा दाखवा, वाटे ठरवा आणि तो अर्ज भरा. तोवर किल्ली खिळ्यालाच राहू द्या.