संध्याकाळ कुणाची?

शहराचं म्हणून निघणारं मासिक शहरातल्या कुणाचं असतं? हा प्रश्न मी बैठकीत काढला की आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, "त्या गुळगुळीत कागदाशी आपला काय संबंध? हॉटेलं, नाटकं, कपडे! पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न काय थोडे आहेत?" मला हे मान्य नाही. शहरात आज काय चाललंय याची यादी जो करतो, तो शहर कुणाचं हेही ठरवत असतो. म्हणून मैत्रिणींनो, या मासिकांचा इतिहास आपण वाचायला हवा. श्रमाची किंमत कुणी ठरवायची, हे भांडण त्यात आहेच.

१९६८ साली लंडनमध्ये टोनी इलियट या विद्यार्थ्यानं वाढदिवसाला मिळालेल्या ७० पौंडांतून 'टाइम आउट' सुरू केलं. नाटक-सिनेमाच्या जोडीनं मोर्चे आणि निदर्शनं यांची माहितीही त्यात छापून येई. तिथं एक नियम होता : काम कोणतंही असो, पगार सगळ्यांना सारखा. धंदा वाढला, तसा मालकाला हा नियम नकोसा झाला. १९८१ मध्ये त्यावरून संप झाला. बरेच कर्मचारी बाहेर पडले आणि त्यांनी सहकारी तत्त्वावर 'सिटी लिमिट्स' काढलं. ते १९९३ पर्यंत चाललं.

आपल्याकडे 'इंडिया टुडे'च्या प्रकाशकांनी १९७९ मध्ये 'बॉम्बे' हे इंग्रजी नियतकालिक काढलं. पुढे २००४ मध्ये 'टाइम आउट मुंबई' आलं आणि २०१४ मध्ये त्याची छापील आवृत्ती बंद झाली. त्यात अभ्यासू लिखाणही होतं, हे मी नाकारत नाही. पण लंडनहून नाव आलं, यादीची पद्धत आली. सारख्या पगाराचं भांडण मात्र तिकडेच राहिलं.

अशा मासिकांचा वाचक संध्याकाळी सहानंतर मोकळा असतो, हे गृहीतच धरलेलं असतं. कल्याण सीएसएमटीपासून सुमारे ५४ किलोमीटर आहे. सहाला ऑफिसातून सुटलेली आपली बाई गाडी पकडते. बसायला मिळालंच तर लेडीज डब्यात मांडीवर पिशवी घेऊन गवार मोडते. डोंबिवलीला उतरून पोळी-भाजी केंद्रासमोर रांग लावते. केंद्राच्या आत दुपारपासून पोळ्या लाटत असलेली दुसरी बाई असते. या दोघींच्या संध्याकाळी कुणी खाल्ल्या? लाटणारीची संध्याकाळ रांगेतल्या बाईनं खाल्ली, असं म्हणून आपण दोघींत भांडण लावायचं का? दोघींच्याही घरी तव्याजवळ न फिरकणारे पुरुष आहेत, त्यांना कुणी जाब विचारत नाही.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी खाली पडले. किमान चौघांचा जीव गेला. रोज दाराला लटकून कामावर जाणं हीसुद्धा या शहरांची जीवनशैलीच आहे. ती कोणत्या रंगीत पानावर छापायची?

छापणार तरी कोण? २००३ मध्ये टाइम्स समूहानं 'मीडियानेट' सुरू करून पैसे घेऊन मजकूर छापण्याची रीतसर सोयच केली. जीवनशैली आणि जाहिरात यांच्यातली रेघ तिथं पुसली गेली. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांच्या जाहिराती पाहा. डोंगर, पोहण्याचा तलाव, गॅलरीत चहा पिणारी हसरी गृहिणी. त्याच घरात धुणीभांडी करणारी बाई कोणत्या लिफ्टनं वर जाते, तिला शौचालय कोणतं, हे त्या चित्रात कुठंही दिसत नाही. हसऱ्या गृहिणीचं हसू तिच्याच जिवावर उभं आहे.

तेव्हा नुसती नाकं मुरडून भागणार नाही. स्वतःचं पत्र काढणं ठाण्याला नवं नाही. 'अरुणोदय' इथूनच १८६६ मध्ये निघालं. बायकांनाही ते नवं नाही. 'बायजा' १९७७ मध्ये निघालं, 'मिळून साऱ्याजणी' १९८९ मध्ये. माझी मागणी एवढीच आहे की आपल्या त्रैमासिकात दर अंकाला चार पानं शहराची असावीत. रात्री दहानंतर कोणत्या पादचारी पुलावर दिवे असतात? कोणत्या स्टेशनातलं बायकांचं शौचालय खरोखर उघडं असतं? पाळणाघर किती वाजेपर्यंत चालतं? पोळी लाटण्याचा दर कोणत्या गल्लीत किती आहे? मोर्चा कुठून निघणार आहे? आणि हो, गडकरी रंगायतन किंवा सावित्रीबाई फुले कलामंदिरात कोणतं नाटक आहे, हेही हवं. करमणूक हा बायकांचा हक्क आहे, चैन नाही.

ही माहिती ज्या गोळा करतील त्या सगळ्यांना मानधन द्यावं, आणि ते सारखं असावं. लेख लिहिणाऱ्या प्राध्यापिकेला जेवढं, तेवढंच पोळीचा दर सांगणारीला. एवढे पैसे आपल्याला परवडणार नाहीत, असं कुणी म्हणेल. तिनं आधी हिशेब मांडून दाखवावा : आजवर जे परवडत आलं, ते कुणाच्या फुकटच्या कामावर?