पिकअप स्वस्त झाली, पण तिच्या कुलपाची किल्ली कुणाकडे?

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. करापूर्वी 7 लाखांची छोटी पिकअप धरली, तर आधी 1 लाख 96 हजार कर बसायचा, आता 1 लाख 26 हजार बसतो. सरळ 70 हजार वाचतात. दिवाळीत गावी, नारायणगावजवळ, गेलो तेव्हा आमच्या आळीतल्या दोघांनी बुकिंग केलेलं होतं. तिसरा मला विचारत होता, "घेऊ का रे? तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, आता गाडीत पण तेच असतंय म्हणे."

तो गमतीत म्हणाला, पण मुद्दा बरोबर होता. जूनमध्ये आमच्या घरी त्याचा अनुभव घेऊन झाला होता.

काकांची पिकअप 2021 ची. टर्बो डिझेल, बीएस-6. पहाटे टोमॅटोचे साठ क्रेट भरले, गाडी सुरू केली, तर समोर पिवळी लाईट आणि ताशी 40 च्या वर गाडी जाईना. आपण बोलीत म्हणतो तसं, पिकअपलाच पिकअप नव्हता. याला लिंप मोड म्हणतात. काहीतरी बिघडलंय असं इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला वाटलं की तो मुद्दाम ताकद कमी करतो. गावातल्या मेकॅनिकने ऐकूनच सांगितलं, "टर्बो गेला."

मी पुण्याहून येताना सहाशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल घेऊन आलो. स्टिअरिंगच्या खाली 16 पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो लावायचा आणि मोबाईलवर अ‍ॅप उघडायचं. कोड आला पी-2463. त्याचा अर्थ, धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचली आहे. टर्बो धडधाकट होता.

मग काजळी साचली कशी?

बीएस-6 नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले. डिझेल कारसाठी धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून 4.5 वर आली. पिकअपसारख्या हलक्या मालवाहू गाड्यांनाही तसाच कडक नियम लागला. एवढं कमी करायचं तर सायलेन्सरच्या वाटेत फिल्टर बसवावाच लागतो. तोच डीपीएफ. काजळी त्यात अडकते आणि अधूनमधून जाळावी लागते. त्यासाठी साधारण 550 ते 600 अंश तापमान हवं. ईसीयू थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडतो, ते धुराबरोबर पुढे जाऊन तापमान वाढवतं आणि काजळी जळते. याला रिजनरेशन म्हणतात. गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळत असेल तर हे सगळं आपोआप होतं, ड्रायव्हरला कळतही नाही.

पहिली दोन वर्षं काकांची गाडी आठवड्यातून तीनदा आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण करत वाशीला जायची. फिल्टर आपोआप साफ होत होता. नंतर त्यांनी वाशी बंद केलं आणि माल नारायणगावच्या मार्केटलाच द्यायला लागले. शेतातून मार्केट आठ किलोमीटर, त्यात रांगेत इंजिन चालू ठेवून तासभर उभं राहायचं. म्हणजे गाडी कमी पळत होती, 'आरामात' होती, आणि त्यामुळेच आजारी पडत होती. जुन्या डिझेल गाड्यांचा हिशोब इथे उलटा होतो.

याच्यापेक्षा घाबरवणारी गोष्ट ऑइलची होती. काका दोन महिने कौतुकाने सांगत होते, "या गाडीचं ऑइल कमी होत नाही, उलट वाढतंय." मी पट्टी काढून बघितली, तर पातळी वरच्या खुणेच्याही वर, आणि वास डिझेलचा. रिजनरेशन सुरू होतं आणि गाडी मध्येच बंद केली जाते, असं पुन्हा पुन्हा झालं की ते उशिरा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळशा थरावर तरंगत. ऑइलच पातळ झालं की तो थर टिकत नाही. मेकॅनिकचं निदान त्या दिवशी चूक होतं, पण असंच सुरू राहिलं असतं तर काही महिन्यांनी बरोबर ठरलं असतं.

(ऑइल टाकतानाही नाव बघा. अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी जळून जाते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. बादलीतलं स्वस्त ऑइल इथे महागात पडतं.)

निदान झालं होतं, उपाय माहीत होता. उभ्या गाडीतच सक्तीने रिजनरेशन करायचं. ही ईसीयूला द्यायची एक आज्ञा आहे, बस. पण ती स्वीकारण्याआधी ईसीयू एक आकडा पाठवतो आणि त्याचं अचूक उत्तर मागतो, आपल्या ओटीपीसारखं. उत्तर काढायची रीत कंपनीच्या टूलमध्ये असते. माझ्या डोंगलला फक्त वाचायची परवानगी होती, करायची नव्हती. गाडी टोइंग करून पन्नास किलोमीटरवरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. टोइंग, नवं ऑइल, फिल्टर आणि ती एक आज्ञा मिळून साडेचौदा हजार. दोन दिवस भाड्याचा टेम्पो लावला तो वेगळा.

कुलूप असूच नये असं मी म्हणणार नाही. ते उघडं असतं तर फिल्टर काढून टाकून सॉफ्टवेअरमध्ये तो 'आहे' असं दाखवणारे लोक गल्लोगल्ली बसले असते. तसे ते आजही आहेत, बेकायदा असूनही. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराची घनता तेवढी मोजतात, त्यामुळे पकडले जाण्याची भीतीही कमी. म्हणजे कुलपाने चोर थांबत नाही, आणि सरळमार्गी मेकॅनिक मात्र बाहेर उभा राहतो. सुरक्षेचं काम करणाऱ्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल.

याचं उत्तर युरोपने नियमातच दिलं. ज्या 2007 च्या नियमावलीने तिथे युरो 5 आणि युरो 6 आणले, तिच्यातच लिहिलं आहे की दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही खुली द्यायची. बीएस-6 आपण त्याच धर्तीवर बेतलं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये सुटे भाग आणि तपासणीची साधनं अडवून ठेवल्याबद्दल 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. जुलै 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वाहनं आणि शेती अवजारं दोन्ही तिच्या यादीत होती. डिसेंबरमध्ये पोर्टलही आलं. पण मालवाहू गाडीच्या ईसीयूपर्यंत गावातल्या मेकॅनिकला पोहोचवणारा कायदा अजून नाही. जीएसटी एका रात्रीत उतरतो, तर हे काम तीन वर्षं पोर्टलवर का अडकावं, हा प्रश्न विचारायला हवा. करसवलत एकदाच मिळते, टोइंगचा खर्च मात्र दर बिघाडाला.

आळीतल्या त्या तिसऱ्याला मी एवढंच विचारलं, "रोजची फेरी किती?" म्हणाला, "सहा-सात किलोमीटर, कधी ओतूर." मग डिझेल टर्बो कशाला, सीएनजीवालीही बघ, असं मी सुचवलं. तो पंपावरच्या रांगेबद्दल कुरकुरला, तेही खरंच. डिझेलच घेणार असशील तर बुकिंगआधी शोरूममध्ये विचार, म्हटलं: सक्तीचं रिजनरेशन कोण करून देणार, गावात येऊन का, आणि किती रुपयांत? तो विचारून आला. सेल्समनने दुसऱ्या माणसाला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. उत्तर फोनवर कळवतो म्हणाले.

काका आता दर रविवारी रिकामी गाडी घेऊन आळेफाट्याच्या पुढे बरंच अंतर एका वेगात जाऊन येतात. डिझेल जळतं म्हणून काकू ओरडते. पट्टीवर ऑइल मात्र जूनपासून खुणेवरच आहे.